पगारेकाका

बिटको चौकात, टायरच्या दुकानावरची खोली.
पुठ्ठ्याचा चष्मा, आत कुणाचा तरी जुना मोबाइल,
डोक्यामागे पायजम्याचं इलॅस्टिक.
रबरी पुतळा परवडत नाही, म्हणून जमिनीवर रेक्झिनची उशी,
स्कूटरच्या सीटमधला फोम भरलेली.

चष्मा लावला की उशीच्या जागी माणूस,
नाशिकरोड स्टेशनच्या बाकाशी आडवा.
निळा शर्ट, तिसरं बटण उघडं,
डाव्या कानामागे चामखीळ.
साळवे सिस्टर ओरडतात :
हाक मारा. श्वास बघा. एकशे आठला फोन.
छातीच्या मधोमध तळवा, त्यावर दुसरा,
कोपर वाकवू नका गं, पोळ्या लाटत नाही आहोत आपण.
तीस दाब. दोन श्वास. तीस.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून ते अकरा वेळा गेले.
सगळं राखाडी व्हायचं
आणि अक्षरं उमटायची : उशीर झाला.
मग ‘पुन्हा’वर बोट,
की काका परत तसेच, बाकाशी, वाट बघत.

काका म्हणजे खरेखुरे रंगनाथ पगारे.
प्रोग्राम करणाऱ्या पोरांना चेहरा हवा होता,
त्यांनी शेजारच्या बिल्डिंगमधून धरून आणले.
नोटप्रेसमधून रिटायर.
दोन चहा आणि एक मिसळ, एवढ्यावर
त्यांनी आपलं मरण आम्हाला वापरायला दिलं.

काल दिसले. जेलरोडच्या बाजारात
मेथीची जुडी उलटी धरून माती झटकत होते.
तोच शर्ट. बटण लावलेलं.
मी हातातली पिशवी खाली ठेवली, का ते कळेना.
तळवे तापले.
ओठ आपोआप : सव्वीस, सत्तावीस.

"ओळखलं नाही, पोरी."

काय सांगू?
तुमची हनुवटी उचलून मान किती मागे न्यायची
ते मला झोपेतही येतं.
बाबा पडले तेव्हा आम्ही
कांदा फोडून नाकाशी धरत बसलो होतो,
वीस मिनिटं.

मी म्हटलं, "मेथी कोवळी आहे, घ्या."

त्यांनी खिशातून पेन्शनची गड्डी काढली.
द्यायची एकच नोट, पण जुनी सवय,
बोटाला थुंकी लावून सगळी मोजली,
न अडखळता, एका लयीत,
मिनिटाला शंभराच्या वरच.

सिस्टरना हवा असतो
अगदी तोच वेग.