जिना फक्त वर जातो

मार्च संपता संपता अन्वयने विचारलं,
घसरगुंडीवालं पाणी कुठे मिळतं?
जणू मंडईतून पाव किलो आणायचं.

मी फोन लावत बसले.
कोथरूडचा तलाव म्हणाला, फक्त सभासदांना.
सहकारनगरचा म्हणाला, रविवारी बायकांची बॅच,
मुलगा सात वर्षांचा? मग नाही जमणार.
वाकडला कुणी उचललंच नाही,
त्यांची धून ऐकत चार मिनिटं उभी राहिले
कुकरशेजारी, शिट्ट्या चुकल्या.
बाणेरच्या मुलीने फार गोड सांगितलं,
मॅडम, घसरगुंड्या तीन आहेत,
पाणी पंधरा तारखेनंतर सोडणार.

आणि छप्पर हवं होतं, ते राहिलंच सांगायचं.
उन्हाने त्याच्या अंगावर चट्टे उठतात,
उघड्यावरचं पोहणं डॉक्टरांनी
पेनाने दोनदा खोडलंय.
म्हणून मी शोधत होते चार भिंतींतला समुद्र,
धायरीत बसून,
जिथे आमच्या सोसायटीला एक दिवसाआड टँकर येतो
आणि त्याची वही माझ्याकडे असते.
तारीख, वेळ, लिटर, सही.

सापडला शेवटी खराडीला,
एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर,
तीन मजले गाड्या, त्यांच्या डोक्यावर लाटा.
अभिराम म्हणाला, आठशे? माणशी?
मग गप्प राहून मोबाइल पुढे केला.

सुती कपडे चालणार नाहीत.
टोपी सक्तीची.
माझा काही प्रश्न नव्हता, मी काठावर बसणार होते.
ते आमच्यात न बोलता ठरलेलं आहे:
काठ, टॉवेल, थालीपिठांचा डबा,
सगळ्यांचे चष्मे माझ्या मांडीवर.

अन्वय वर गेला आणि वरच राहिला.
शिट्टी वाजली, परत वाजली.
अभिराम पलीकडे, इराला ट्यूबमध्ये घेऊन गोल फिरत होता,
त्याला काही ऐकू जात नव्हतं.
छताखाली एकच शब्द घुमत होता, आणि तो माझा होता.

काउंटरवरच्या पोराने माप विचारलं नाही,
एकदा पाहिलं आणि जांभळा गठ्ठा सरकवला.
नव्वद भाडं, दोनशे अनामत.
इतक्या लोकांनी माझ्या पोटऱ्या
लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिल्या.
बावन्न पायऱ्या. मोजल्या मी,
दुसरीकडे लक्ष नको म्हणून.

वर तो कठड्याला चिकटलेला,
मागे चौदा पोरं, थंडीने कुडकुडत, वैतागलेली.
म्हटलं, चल राजा, जिन्याने उतरू.
शिट्टीवाला मुलगा, बोलण्यावरून बीडकडचा असावा,
म्हणाला, ताई,
जिना फक्त वर जातो.

मग काय. बसले.
त्याला पुढ्यात घेतलं, हाताची कडी केली.

आत निळा अंधार,
पाठीखाली पाणी, पाठीखाली काहीच नाही,
आणि कुणीतरी ओरडलं, लांबलचक, घसा सोडून.
मला वाटलं हाच. तो तर गप्प होता,
माझ्या मनगटात नखं रुतवून.

नाकातोंडात पाणी. उजेड.
अभिराम समोर कमरेएवढ्या पाण्यात उभा,
टोपीतल्या बाईकडे पाहत,
ओळख पटायला त्याला जरा वेळ लागला.
अन्वय खोकत खोकत म्हणाला,
आई, तू किती ओरडलीस.
मग म्हणाला, परत?

सात वेळा गेलो.
सहाव्या खेपेला तो म्हणाला, तू जा, मी खाली थांबतो तुला धरायला.
सातव्या खेपेला तर त्याने विचारलंही नव्हतं.

मुंढव्याच्या पुलावर दोघं झोपली.
घरी नळाला फक्त हवा.
अर्ध्या बादलीत चौघांनी अंगं पुसली,
मी वहीत उद्याची तारीख घातली,
लिटरच्या रकान्याशी थोडी रेंगाळले.

केस मात्र तसेच ठेवले.
क्लोरीनचा वास येतोय, अभिराम म्हणाला, धू ना.
म्हटलं, उद्या. टँकर आला की.