पाईप

फोन करणारा तोच होता, तिन्ही वेळा.
पाचपावलीच्या बोळात तिसरी मोटरसायकल जळत होती
आणि बंबावरून उतरताना मला आधी दिसला
तो पोट्टा,
भुवया करपलेल्या, पायात एकच चप्पल.
आम्ही आल्याचा आनंद
लपवता येत नव्हता त्याला.
पंकेश हेडाऊ. आठवी नापास.

साहेबांना म्हटलं, कागद व्हायचे ते होतील,
रविवारचा हा माझ्याकडे द्या.

भर दुपारी, शेहेचाळीस डिग्रीत,
स्टेशनच्या आवारात पाईप दिला हातात. धर.
पाणी सुटलं तसा भेलकांडला,
पाठीशी मी होतो म्हणून पडला नाही.
"येवढा जोर असते काय बे पान्याले?"
बे म्हणाला. मला. बावीस वर्षांच्या नोकरीला.

काडी एकट्याला पेटवता येते,
पाईप धरायला दोघं लागतात,
असं काहीतरी सांगायचं होतं,
राहिलं. त्याचा शर्ट वाळेस्तोवर
दोघांनी टरबूज खाल्लं.

मे सरत आला. त्याचा फोन येतो अजून:
कोणी कडुनिंबाचा पाला पेटवून रायले होते,
मागे बादली आपटल्याचा आवाज,
"तुमी नोका येऊ. इझवली म्या.
सांगाले केला फक्त."