रविवार, रात्री साडेआठ

चोपड्यात तेव्हा बऱ्यापैकी चित्र यायचं माझ्याच दुकानात.
बाकी घरांत मुंग्या.
रविवारी दिवेलागणीपासून मी लोकांच्या धाब्यांवर,
अँटेनाचा पाइप धरून, सातपुड्याकडे पाठ करून.
खालून कुणी ओरडायचं :
आलं, आलं, गेलं... हां! आता हलू नको!
मी न हलता उभा,
आणि खाली भिकन दयाराम बाविस्कर
हिमनदी ओलांडायचा.

आधीची दोन गेली म्हणून मागून घेतलेला, म्हणून भिकन.
पडद्यावर नाव यायचं विक्रम.
त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, बरंच होतं.

अनेरच्या डोहात त्याला पोहायला मी शिकवलं
(हे त्याने मुलाखतीत कधी सांगितलं नाही, असो).
पुढे तो रणात मीठ चाटून राहिला,
अंदमानात मगरीपासून चार हातांवर बसून कुजबुजला,
आणि ती कुजबूज ऐकायला
आमची अख्खी गल्ली चिडीचूप.
तेरा वर्षं.
दर भागाच्या शेवटी, थेट आपल्या डोळ्यांत बघून :
"मित्रहो, इथे मी अगदी एकटा आहे."

बायका पदर तोंडाला लावायच्या.
एकदाच, सुपडूबाबा, दुकानाच्या पायरीवरून :
"येकला? मंग हाई फोटू कोन काढी ऱ्हायना?"
मी आवाज वाढवला.

आता भिकन गावातच असतो.
गुडघ्यात स्टील. गॅदरिंगला प्रमुख पाहुणा :
शाल, नारळ, केळीची फणी.
पोरं विचारतात, काका, तुमचं चॅनल आहे का?

परवा आला, म्हणाला, ती हिमनदीची कॅसेट आहे का रे?
होती. बुरशी धरलेली.
स्पिरिटने पुसली, शटर अर्धं ओढलं, लावली.
"इथे मी अगदी एकटा आहे," तो तरणा म्हणाला.
"थांब," हा म्हणाला. "मागे घे. आवाज वाढव."

वाऱ्याच्या खाली, पार तळाशी,
आणखी एक श्वास होता.
तोंडाने घेतलेला, जड.

"सलदार तडवी," भिकन म्हणाला. "आपल्या अडावदकडचा.
हातमोजा घालून बटण दाबता येईना.
दोन बोटं तिथंच ठेवून आला.
आणि मी ते वाक्य तीनदा म्हटलं.
आधीची दोनदा नीट जमलं नव्हतं."

सलदारचं आता वैजापूरच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान आहे.
आम्ही गेलो. आठ बोटांनी तो ट्यूब पाण्यात दाबत होता,
बुडबुडे बघत.
वर न बघता म्हणाला, बसा.
मग बऱ्याच वेळाने :
"त्या दिवशी चित्र हललं तर नव्हतं?"

तेरा वर्षं बोलून पोट भरलेला माणूस
खाली वाळूत बघत राहिला.
शेवटी मीच म्हणालो :
नाही. मुंग्या होत्या थोड्या,
पण त्या आमच्याकडच्या.