दोन हिसके

बाप्तिस्म्याआधी प्रश्न विचारायचे असतात.
पिंपळनेरजवळच्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात
मी वही उघडून बसलो होतो,
शिक्षण नुकतंच संपलेलं, सदऱ्याला इस्त्री.
वहीत तारणाऱ्या विश्वासाचे तीन भाग:
माहीत असणं,
मान्य असणं,
आणि तिसरा, ज्याच्याखाली मी दोनदा रेघ मारली होती,
परीक्षेत त्याला पाच गुण होते.

समोर झुलाल मालचे. विहिरी खोदणारा.
खुर्ची दिली तरी खालीच बसला,
उजवा हात डाव्या हाताखाली झाकून.

येशू कोण, विचारलं. सांगितलं त्यानं.
तो मेला का, उठला का, विचारलं.
सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात.
मी म्हणालो, काका, एवढं तर सैतानालाही ठाऊक आहे,
त्याला तर फार चांगलं ठाऊक आहे.
झुलाल हसला. म्हणाला, त्याले इहीरमा उतरनं नही ना.

मग त्यानं हात बाहेर काढला.
अंगठा, आणि करंगळी.
बाकीची कावठ्याच्या एका विहिरीत, चौऱ्याऐंशी सालची.

सत्तर फूट खाली, म्हणाला, एकटा माणूस.
तोटे भरायचे, वात पेटवायची,
दोराला दोन हिसके द्यायचे.
बस. त्यापुढं त्याचं काही काम नसतं.
वात जळत असते, आणि वर
रुपयाएवढं आभाळ.

मी लिहीत होतो. विचारलं, भीती?
लागस ना. दर खेपले.
विश्वास असून?
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
जसं कोरड्या जागी पाणी दाखवणाऱ्याकडं पाहतात.

त्याचा भाऊ भिवसन. दोर नवाकोरा, नायलॉनचा.
वर यारीवर जो होता, तो पिऊन झोपलेला.
भिवसननी दोर इतला घट्ट धरेल व्हता, दादा,
बोटं सोडाले दोन जन लागनात.

पत्र्यावर एक कावळा चालत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मंग मी धरत नही, म्हणाला झुलाल.
या हातानं काय धरू? बांधी लेस कंबरले.
वर कोन शे, तेवढं पाहीसन उतरस.

वहीत तिसऱ्या भागासमोर
मी काय लिहिलं ते आता वाचता येत नाही.
त्या रात्री मला झोप नव्हती.
मला सगळं माहीत होतं. मान्यही होतं.
आणि मी आयुष्यात कधी
विहिरीत उतरलो नव्हतो,
काठावर उभं राहून खोली मोजली होती, एवढंच.

रविवारी पांझरेच्या डोहात, कमरेएवढ्या गार पाण्यात
तो माझ्याजवळ आला.
काठावर मंडळी, कुणाचं तरी लहान पोर रडत होतं.
माझे हात थरथरत होते, थंडीनं, असं मी पुढं सांगितलं.
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं
मी त्याला मागं झुकवलं,
आणि तो गेला, अंगात कुठंही ताठा नाही,
खाली जायची सवय असलेल्या माणसासारखा.

वरून पाणी मिटलं.
क्षणभर मला त्याचा चेहरा दिसेना.

आणि खालून, माझ्या ओल्या बाहीला,
अंगठ्यानं आणि करंगळीनं,
दोन हिसके.