तीस रुपये कमी

पोरीने कार्ड टेकवलं ते माझ्या पिशवीवर.
बरोबर बकलाच्या वर, जिथे चामडं पांढरं पडलंय.
टेकवून थांबली.
पिशवी काही बोलली नाही.

शिवोलीचा पूल नुकताच मागे पडला होता.
मासळीची रिकामी पाटी पायांत धरून बसलेली आनमारी म्हणाली,
'गे बाये, ताका पयशे जाय, पयशे!'
आणि मागची अख्खी सीट हसली.
मीही हसलो,
मग ते हसू अर्ध्या वाटेत उतरलं.

ड्रायव्हरमागच्या काचेवर एक चौकोन चिकटवलाय,
लिगोर पात्रांवच्या नावाचा.
तिच्या फोनने त्याला तीनदा हुंगलं
आणि तोंड फिरवलं.
नोट? नाही. हरमलच्या एटीएमला तीन दिवस ताप आहे,
हे तिने हातांनी सांगितलं,
मशीन, मशीनचा जीव, आणि तिचे रिकामे खिसे.

दोन वर्षांपूर्वी भाचीकडे गेलो होतो, लंडनला.
सुलक्षाने कपाट भरून स्वेटर दिले,
कार्ड द्यायची राहिली.
एकटाच निघालो. लाल बस, दुमजली,
दार आपोआप उघडलं, आत कंडक्टर नाही.
सव्वीस वर्षं मी ज्या जागी उभा राहतो
तिथे नुसती हवा उभी होती.

दहा पौंडांची नोट पुढे केली.
ड्रायव्हरने नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पिवळ्या गोल डोळ्याकडे बोट दाखवलं.
मागची माणसं येत होती, टेकवत होती,
टुं, टुं, टुं,
आणि मी दारात, चुकीच्या सणाला आणलेल्या नारळासारखा.
शेवटी त्याने मानेनेच सांगितलं, जा, बस.

बसलो.
विनातिकीट.
मी.
किती पोरांना धरलंय मी चोपड्याच्या तिठ्यावर,
किती जणांची झोप खोटी आहे हे पापणीवरून ओळखलंय.
आता माझीच पापणी जड व्हायला लागली.

उतरायचं ठिकाण दिसलं तसा
सवयीने खिशातलं दोन पौंडांचं नाणं काढलं
आणि दांड्यावर वाजवलं, टक्.
आमच्याकडे एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
गाडी थांबली नाही.
पुढच्या थांब्यावर कुणीतरी लाल बटण दाबलं,
त्याच्या पुण्याईने उतरलो.
नाणं खिडकीच्या कठड्यावर ठेवून आलो.
कुणाला मिळालं कोण जाणे.
तिकिटाचे पैसे मात्र ते झाले नाहीत,
हे मलाही कळत होतं.

तर, पोरगी अजून उभीच.
खांद्यावर वाळू, हातात ते निळं कार्ड,
आणि चेहऱ्यावर तो दारातला नारळ.
'बस,' म्हटलं. मराठीतच म्हटलं.
बसली, पण टेकली नाही,
हरमलपर्यंत अर्ध्या सीटवर, ताठ,
प्रत्येक थांब्यावर माझ्याकडे बघत.
ती नजर मला पाठ होती,
म्हणून मी मुद्दाम पुढे गेलो,
उगाच मिंगेलशी भांगराच्या भावावर बोलत राहिलो.

उतरताना काहीतरी म्हणाली.
शिट्टीत ऐकू आलं नाही.

संध्याकाळी म्हापशाच्या स्टँडवर
बॉनेटवर चिल्लर ओतून पात्रांवने हिशेब लावला.
दहाचे दहात, पाचाचे पाचात,
बोटाला गंजाचा वास.
'तीस उणे.'

खिशातून भरता आले असते. भरले नाहीत, का ते सांगता येणार नाही.
म्हटलं, 'एक म्हातारा होता.
त्याच्याकडे कार्ड नव्हतं.'

लिगोरने वर पाहिलं.
'कार्ड? आमच्या गाडयेर कार्ड कोण मागता रे?'

मी रुपयाने दांड्यावर वाजवलं,
दोनदा.
गाडी रिकामी होती, इंजिन बंद,
मिंगेल चहाला गेलेला.