वापरकर्ता क्रमांक सतरा

जांबोटीच्या पुढं जिथं बस वळते
तिथून दोन मैल चालत. पाठीवर अकरा टॅब,
पिशवीत वायरींचा गुंता,
आणि वहीच्या पहिल्या पानावर सुबक टाईप केलेला प्रश्न :
तंत्रज्ञानाच्या साहाय्याने अध्ययनात फरक पडतो का?

पहिल्या आठवड्यात एवढाच पडला
की स्क्रीनला फणसाचा चीक लागला
आणि तो खोबरेलानं कसा काढायचा
हे गुरवबाईंनी शिकवलं. मला.

शाळा मराठी, दारावरची पाटी कन्नड,
आणि टॅबातली बाई बहुधा पुण्याची.
ती म्हणते, "वाचा पाहू : तिथे."
प्रांजल घाडी वाचते, "तितं."
लाल फुली.
"तितं."
फुली.
तिसऱ्यांदा ती काचेला तोंड लावून
बहिऱ्या म्हातारीला सांगावं तसं ओरडते :
"तितं म्हंजे तितं! ऐकू येत न्हाई व्हय?"
मी नोंद करतो : उच्चारदोष, तीन.
मग खोडतो.
दोष कुणाचा, हा रकानाच नाही माझ्या तक्त्यात.
मीही असाच बोलायचो येळ्ळूरला.
सुटायला दोन वर्षं लागली आणि एक शिष्यवृत्ती.

रेंज फक्त काजूच्या टेकाडावर.
संध्याकाळी तिथं हात वर करून उभा राहतो,
दिवसभराची माहिती थेंब थेंब वर चढते.
खाली झाडीत गवे निघायची वेळ झालेली,
आणि ब्याऐंशी टक्क्यांवर सगळं अडकलेलं.

सहा महिन्यांनी आलेख काढले.
तेवीस मुलं, तेवीस रेषा,
चोर्ल्याच्या घाटासारख्या, खाली वर, मध्येच खड्डा.
सतरा नंबर मात्र
चार महिने सपाट, भागाकारात रोज तेच चुकलेलं,
आणि मग एकाएकी चढ. न थांबता.
मार्गदर्शक फोनवर खूष :
"हा मुलगा वेगळा लिहा. एक अख्खं प्रकरण."

सतरा म्हणजे नागेश घाडी, इयत्ता पाचवी.
"नागू?" गुरवबाई खडू झटकत म्हणाल्या,
"तो दिवाळीपासून म्हापशात. मामाच्या बेकरीत.
हजेरीत ठेवलाय, येईल म्हणून."

मग रोज चार वाजून दहा मिनिटांनी
हे कोण उघडतं?

प्रांजलनं बाकाखालून चप्पल शोधायला घेतली.
चप्पल पायातच होती.
"मी बसतो दोन खेपा.
आदी माझं. मग त्येचं.
एक दिस चुकला तर चांदण्या परत शून्य होत्यात,
आल्यावर वरडंल न्हवं का त्यो?"

आणि भागाकार? तुला तर येतो.
"मला येतोय. त्येला कुठं यायचा?
म्हणून चुकवत होतो."
मग जरा थांबून,
मी काहीतरी न समजल्यासारखा बघतोय हे बघून :
"आता बरोबर देतोय.
इतक्या दिसांत शिकला असंल की."

टॅबातल्या बाईला हे कळलं नाही.
मला तरी कुठं कळलं होतं? मी रेषा बघत होतो.

रात्री खानापूरच्या लॉजवर ओळ निवडली,
सतरा, डावीकडून उजवीकडे, निळी झालेली.
दूषित नोंद. नियम स्पष्ट आहे, मीच लिहिलाय तो.
बराच वेळ बोट तसंच ठेवलं.
मग बावीस मुलांवर सरासरी काढली.
वगळण्याचं कारण लिहायला चौकट होती
पंचवीस अक्षरांची.
"विद्यार्थी गैरहजर" एवढं मावलं.

टॅब परत न्यायच्या दिवशी
ती दारापर्यंत आली, वायरींची पिशवी धरून.
"सर, सतराचा पासवर्ड बदलू नगासा.
फोनवर सांगितलाय त्येला.
चारच आकडे हाईत, ध्यानात ऱ्हातील."