हुपरीचा चमचा

रॉड जपानी, दोर चिनी, रीळ हप्त्यावर घेतलेलं,
पण चमचा आपल्या हुपरीचा.
पैंजणांच्या भट्टीत उरलेला तुकडा
बाळगोंडानं तीन ठोक्यांत पोटाशी फुगवला,
शेपटीकडं निमुळता केला
आणि विचारलं, घुंगरू लावू का ह्याला?
म्हटलं, मासा नाचायला नको,
मारायला आला पाहिजे.

शिरोलीत पहिली पाळी सातला.
त्याआधी तास-दीड तास राजाराम बंधाऱ्यावर.
फेकायचं. दोन आकडे मोजेपर्यंत बुडू द्यायचं.
मग ओढायचं, थांबायचं, ओढायचं,
जखमी पिल्लू सरकतं तसं.
ही थाप आहे, मला माहीत आहे.
बारा वर्षं मी पंचगंगेशी
मन लावून खोटं बोलतोय.

पलीकडं हिंदुराव भोई जाळं झटकत असतो.
"कालवणाला पायजे तर गांडूळ लाव की.
हे चांदीचं नखरं कुणासाठी?"

कुणासाठी म्हणजे,
जलपर्णीच्या कडेला दबा धरून बसलेल्या,
आधी मोडणाऱ्या आणि मग विचार करणाऱ्या
मरळीसाठी.
वरच्या अंगाला, चिखलीच्या संगमापाशी,
खडशीसाठी.
तिच्या एका धडकेपायी
मी मेव्हण्याचं लग्न चुकवलं होतं,
अजून ऐकून घेतो त्याबद्दल.

आता जाळ्यात काय येतं विचारलं
की हिंदुराव "चिलापी" म्हणतो आणि थुंकतो.
टोपलीभर, सगळ्या एका मापाच्या,
आमच्या फौंड्रीत एकाच साच्यातून काढल्यागत.
वाम, शेंगाळ, आळकूट,
ही नावं तो हल्ली नातवावर ओरडताना वापरतो:
शेंगाळागत आ करून बसू नको,
वामेगत निसटतोस कुठं?
पोराला वाटतं, आज्याच्या शिव्या आहेत.

गेल्या दिवाळीत एक आला, काळा, खरबरीत,
अंगभर चिलखत, तोंड पोटाकडं.
कुणीतरी काचेच्या टाकीतला, कंटाळून सोडलेला.
हिंदुरावनं त्याला उलटा केला, सुलटा केला,
"ह्याला काय म्हणायचं गा?"
मी मोबाईलवर बघून सांगितलं, सकर.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
शब्द त्याच्या तोंडात बसेना.
बराच वेळ मासा चिखलात तसाच पडून होता,
मरेचना.

तो माझ्या चमच्यामागं येणार नाही.
त्याचं पोट दगड चाटून भरतं.
चिलापी येते कधीकधी, पाठोपाठ, काठापर्यंत,
बघते,
आणि दुकानात नुसता भाव विचारून
निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखी वळते.
थाप मारायलाही समोर
कुणीतरी हावरट लागतं.

मे महिन्यात वरनं काळं पाणी आलं.
फेस बंधाऱ्याच्या बरग्यांना अडून राहिला, कमरेएवढा.
त्या सकाळी मासेच वर आले,
आभाळाकडं तोंडं करून, आ वासून,
आणि माणसं पिशव्या घेऊन उतरली.
हातानं वेचत होती.
एक बाई शाळेचा डबा भरत होती.
त्या दिवशी कुणालाच गळ लागला नाही.
हिंदुराव काठावर जाळं मांडीवर घेऊन बसला,
जाळ्याची गाठ सोडली नाही त्यानं.
मी रॉड पिशवीतून काढलाच नाही.

मग आता, गणपती विसर्जनानंतरच्या गुरुवारी,
सहा वाजून दहा मिनिटांनी,
तिसऱ्या फेकीला
दोर अडकला.
दगड असेल म्हणून मी सैल सोडला.
दगड चालू लागला.
रिळानं आवाज केला, तीन वर्षांत न केलेला,
मनगट खाली गेलं,
आणि संपलं.
चमचा परत आला,
त्याचा तिहेरी गळ
सरळ होऊन, सुईसारखा.

"काय हुतं?" हिंदुराव पलीकडनं ओरडला.
मरळ म्हणावं? खडस म्हणावं?
की वाहत आलेलं लाकूड?
"काय न्हाई," म्हटलं,
"वड हुती नुसती."
तो काही बोलला नाही.
जाळं जिथं होतं तिथनं उचललं
आणि चार पावलं
माझ्या बाजूला येऊन टाकलं.

पाळीला मला उशीर झाला.
गळ मी अजून सरळ केलेला नाही,
म्हणजे वाकडा केलेला नाही.